फुटस्क्रेचे तीन आठवडे

1989 चा ऑक्टोबर नुकताच लागला होता. मेलबर्नमधला फुटबॉलचा हंगाम संपून दोन-तीन दिवसच झाले होते. 30 सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नने जीलाँगला अवघ्या सहा गुणांनी हरवलं होतं. सामना असा रंगला होता की हरलेल्या बाजूचे लोकही तो रंगवून सांगत होते. शहर त्याच गप्पांत असताना बातमी फुटली, की फुटस्क्रे क्लब संपला. कागदावर शब्द 'विलीनीकरण' असा होता. फुटस्क्रे (टोपणनाव 'बुलडॉग्ज') आणि फिट्झरॉय यांची मोट बांधून 'फिट्झरॉय बुलडॉग्ज' नावाचा संघ पुढच्या हंगामात उतरवायचं ठरलं होतं. लीगचं मंडळ राजी होतं, दोन्ही क्लबांचे पदाधिकारी राजी होते. विचारायचं राहिलं होतं ते सभासदांना.

हे प्रकरण समजायचं तर आधी खेळाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ऑस्ट्रेलियन रूल्स, म्हणजे तिथल्या बोलीत 'फुटी', हे क्रिकेटचंच भावंड. 1858 साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवलं, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग जड होऊ नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले. म्हणून हा खेळ आजही क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर चालतो. एकेका बाजूचे अठरा गडी मैदानात असतात. चेंडू अंडाकृती, तो लाथाडायचा, झेलायचा, मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यायचा, पण फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. हा एक गुण म्हणजे उत्तेजनार्थ बक्षीस. पण त्यानेही सामने फिरतात, हे फुटस्क्रेवाल्यांना पुढे फार महागात समजलं.

फुटस्क्रे हे शहराच्या पश्चिमेला, मॅरिबर्नाँग नदीच्या पलीकडे. मेलबर्नची श्रीमंती पूर्वेला वसली आणि ज्याचा वास येतो, धूर निघतो, घाण वाहते ते सगळं पश्चिमेला गेलं. कत्तलखाने, चामडं कमावण्याचे कारखाने, हाडांच्या गिरण्या, दारूगोळ्याचा कारखाना. जवळच्या सनशाइनला शेतीची यंत्रं बनवणारा मॅके यांचा प्रचंड कारखाना होता. तिथल्या मजुरीच्या वादात 1907 साली न्यायमूर्ती हिगिन्स यांनी ठरवलं, की बायको आणि तीन मुलं पोसणाऱ्या साध्या मजुराला दिवसाला किमान सात शिलिंग मिळालेच पाहिजेत. देशभरच्या किमान वेतनाची गोष्ट अशी या पश्चिमेत सुरू होते. 1970 मध्ये वेस्ट गेट पूल बांधता बांधता कोसळला आणि 35 कामगार दगावले, तोही याच बाजूला. इथल्या माणसाला शनिवार दुपार तेवढी स्वतःची असायची, आणि ती क्लबाच्या मैदानावर, वेस्टर्न ओव्हलवर, जायची.

त्या ओव्हलवर वारा असा सुटायचा की नाणेफेक जिंकणारा कर्णधार आधी वाऱ्याची दिशा बघायचा. एका टोकाला गोल सहज होत आणि दुसऱ्या टोकाला धाप लागे. छत थोडं, चिखल भरपूर. कुंपणाला टेकून उभं राहिलं तर खेळाडूच्या श्वासाचा आवाज ऐकू यायचा, आणि तुमच्या शिव्या त्याला. खेळाडू बहुतेक त्याच गल्ल्यांतले, कारण त्या काळी कुठल्या भागातला मुलगा कुठल्या क्लबाकडून खेळणार हे लीग ठरवून देई. शनिवारी ज्याला शिव्या घातल्या तो सोमवारी कारखान्यात शेजारच्या यंत्रावर भेटायचा.

विक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये फुटस्क्रेला प्रवेश मिळाला तो 1925 साली, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न यांच्याबरोबर. त्याच्या आदल्या वर्षी, अजून दुय्यम संघटनेत असताना, त्यांनी लीगविजेत्या एसेंडनला एका धर्मादाय सामन्यात हरवून दाखवलं होतं. पण लीगमध्ये आल्यावर पहिलं विजेतेपद मिळायला 1954 उजाडलं. 25 सप्टेंबरला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर मेलबर्न संघाला त्यांनी 102 विरुद्ध 51 असं अगदी बरोबर दुपटीने लोळवलं. कर्णधार आणि प्रशिक्षक एकच, चार्ली सटन. जॅक कॉलिन्सने एकट्याने सात गोल मारले. संघात एकवीस वर्षांचा टेड व्हिटन होता, फुटस्क्रेतच जन्मलेला. हा पुढे 321 सामने खेळला आणि पश्चिमेचा, खरं तर सगळ्या विक्टोरियाचा, लाडका झाला. 1961 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला आणि हॉथॉर्नकडून हरला. त्यानंतर मात्र पश्चिमेची पोरं बाप होऊन आजोबा झाली तरी अंतिम सामना काही दिसेना.

ऐंशीच्या दशकात पैशाने खेळाची चाल बदलली. साउथ मेलबर्न क्लब 1982 साली थेट सिडनीला हलवला गेला. 1987 मध्ये पर्थचा वेस्ट कोस्ट आणि ब्रिस्बेनचा बेअर्स असे दोन नवे संघ आले. लीगला देशभर पसरायचं होतं, दूरचित्रवाणीला देशभराचा प्रेक्षक हवा होता, आणि 14 संघांपैकी 11 अजूनही विक्टोरियात, त्यांतले दहा एकट्या मेलबर्नमध्ये. लीगच्या मंडळाचे प्रमुख रॉस ओकली यांचं गणित साधं होतं: एका शहराला इतके क्लब झेपत नाहीत. फुटस्क्रेकडे बघितलं तर हे गणित चुकीचं म्हणता येत नव्हतं. पश्चिमेतले कारखाने एकेक करून मिटत होते. जनावरांचा न्यूमार्केटचा बाजार 1987 मध्ये बंद झाला. 1989 च्या हंगामात संघ चौदांपैकी तेरावा आला, प्रशिक्षक मिक मॉल्टहाउस पर्थला निघाले आणि डोक्यावर कर्ज होतं. अध्यक्ष निक कोलंब आणि त्यांच्या मंडळाला वाटलं, बुडण्यापेक्षा अर्धं तरी वाचवू. हे लोक खलनायक नव्हते. त्यांनी ताळेबंद वाचला आणि त्यातून जे निघत होतं ते केलं. चूक झाली ती वेगळीच: क्लब कुणाचा आहे, याचा हिशेब त्या ताळेबंदात नव्हता.

तो हिशेब मांडला आयरीन चॅटफील्ड या बाईंनी. त्या क्लबाच्या पदाधिकारी नव्हत्या, कुणा खेळाडूची आई नव्हत्या. वर्षानुवर्षं सामन्याला जाणाऱ्या एक साध्या समर्थक. सभासदांना न विचारता क्लब मोडीत कसा काढता, असा दावा घेऊन त्यांच्या नावाने विक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज पडला. खटल्यामागे होते पीटर गॉर्डन, पश्चिमेतलेच वकील, तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेले. विटनूमच्या खाणीत ॲस्बेस्टॉसने फुप्फुसं गेलेल्या कामगारांसाठी बलाढ्य कंपनीशी लढून त्यांनी नुकतंच नाव कमावलं होतं. हरणाऱ्याच्या बाजूने उभं राहायची त्यांना सवय होती.

कोर्टाच्या या रेट्याने लीगला थांबावं लागलं. ठरलं ते असं: क्लबाने तीन आठवड्यांत 15 लाख डॉलर उभे करून दाखवावेत, तर स्वतंत्र राहता येईल. ज्या भागात लोकांच्या नोकऱ्याच जात होत्या तिथे तीन आठवड्यांत 15 लाख! ही अट घालताना कुणाला खरोखर वाटलं असेल का, की हे जमेल? मला तरी वाटत नाही.

रविवार, 8 ऑक्टोबरला वेस्टर्न ओव्हलवर सभा भरली. हंगाम संपलेला, बघायला सामना नाही, तरी हजारो लोक लाल-पांढरे-निळे मफलर गळ्यात घालून आले. ओकलींच्या नावाने फलक होते, त्यांतले काही छापण्यासारखे नव्हते. आणि तिथून डबे फिरायला लागले. रस्त्याच्या नाक्यावर, दारूच्या गुत्त्यांत, शाळांत, दारोदार. पोरांनी मातीच्या डुकरातली चिल्लर ओतली. जुने खेळाडू रस्त्यावर डबा वाजवत उभे राहिले. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून व्हिएतनाममधून आलेली कुटुंबं फुटस्क्रेत दुकानं थाटून बसली होती. फुटबॉल म्हणजे काय हे त्यांतल्या कित्येकांना धड ठाऊक नव्हतं, पण जिथे आपण राहतो त्या गावाचं नाव पुसलं जातंय म्हणजे काय होतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पैसे जमले. मुदतीच्या आत जमले. विलीनीकरण रद्द झालं, जुनं मंडळ गेलं आणि गॉर्डन अध्यक्षाच्या खुर्चीत बसले. लीगने 1990 मध्ये स्वतःचं नाव बदलून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग केलं, आणि त्या नव्या नावाच्या पहिल्याच हंगामात फुटस्क्रे होतं. नव्या प्रशिक्षकाच्या, टेरी व्हीलरच्या, हाताखाली संघ तेराव्या जागेवरून सातव्या जागेवर आला. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक मिळालं फुटस्क्रेच्या टोनी लिबराटोरेला. अंगाने लहानखुरा, पण चेंडू दुसऱ्याच्या हातात दिसला की चवताळणारा. आदल्या वर्षी मेलेला म्हणून ज्याचा दाखला लिहून तयार होता त्या क्लबात हे पदक आलं. लोकांनी काय जल्लोष केला असेल तो करू द्या. मला त्यात ओकलींच्या चेहऱ्याची कल्पना करायला जास्त आवडतं.

इथे गोष्ट संपवली तर ती सिनेमाला चांगली. पण समर्थकाचं आयुष्य पुढच्या शनिवारी परत सुरू होतं.

फुटीच्या समर्थकांची एक पद्धत सांगतो. दर सामन्याआधी समर्थकांचा जथा क्रेप कागदाचा एक प्रचंड फलक बनवतो. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी हॉलच्या जमिनीवर रंगीत कागदाच्या पट्ट्या पसरायच्या, चिकटपट्टीने जोडायच्या, अक्षरं कापून डकवायची. गुडघे सोलतात, वाद होतात, शुद्धलेखनावरून तर हमखास. सामन्याच्या दिवशी वारा नसला तर बरं, नाहीतर खांब धरणारे फलकासकट उडतात. मग संघ पळत येतो आणि काही सेकंदांत त्या कागदातून आरपार फाडून मैदानात शिरतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा नवा. कुणाला पैसे मिळत नाहीत, कुणाचं नाव छापून येत नाही. वेस्टर्न ओव्हलच्या वाऱ्यात हे काम करणाऱ्यांना 15 लाख जमवणं अशक्य वाटलं नसावं, ते यामुळे.

1995 मध्ये टेड व्हिटन कर्करोगाने गेला. त्याच्या दोन महिने आधी, विक्टोरियाच्या राज्य संघाच्या सामन्याला, त्याला उघड्या गाडीतून मेलबर्न क्रिकेट ग्राउंडला फेरी मारायला नेलं. दृष्टी गेलेली, मुलगा शेजारी धरून बसलेला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. व्हिटनने उभ्या आयुष्यात ज्यांना ज्यांना मैदानावर कोपर मारलं असेल त्या सगळ्या क्लबांची माणसं तेव्हा रडत होती, आणि ज्याच्यासाठी ती रडत होती त्याला फक्त त्यांचा आवाज येत होता. वेस्टर्न ओव्हलला व्हिटन ओव्हल नाव दिलं गेलं ते त्याच वर्षी. त्याच वर्षी आणखी एक गंमत झाली. व्हिटनचा सामन्यांचा विक्रम मोडणारा ब्रेब्रुकचा डग हॉकिन्स, ज्याच्या नावाने ओव्हलची एक बाजू ओळखली जायची, तो फुटस्क्रेसाठी 329 सामने खेळून कारकिर्दीच्या अखेरच्या हंगामासाठी कुठे गेला? फिट्झरॉयला. तिथे 21 सामने खेळला. फिट्झरॉय आणि बुलडॉगचं विलीनीकरण झालं म्हणायचं तर एवढंच.

फिट्झरॉयला मात्र कुणी वाचवू शकलं नाही. सात वर्षं ते कर्जात घसटत राहिले, आणि 1996 मध्ये ब्रिस्बेन बेअर्समध्ये मिळवले गेले. 1 सप्टेंबरला पर्थमध्ये फ्रीमँटलविरुद्ध शेवटचा सामना खेळून, शतकापूर्वी लीगची स्थापना करणाऱ्यांतला एक क्लब घरापासून हजारो किलोमीटरवर मावळला. पश्चिमेतल्या जाणत्या लोकांना त्या दिवशी आनंद झाला नाही. ती जागा आपली होती, हे त्यांना माहीत होतं.

आणि फुटस्क्रे तरी पूर्ण वाचलं का? 1996 हे त्यांचंही वाईट वर्ष. प्रशिक्षक ॲलन जॉइस यांना हंगामाच्या मध्यावर काढलं, टेरी वॉलेस आले, आणि एक चित्रपट पथक वर्षभर क्लबात कॅमेरा लावून बसलं होतं. 'इयर ऑफ द डॉग्ज' हा माहितीपट त्यातून निघाला. त्याच सुमारास नव्यानेच उतरणाऱ्या पोर्ट ॲडलेडने क्रिस ग्रांटला दहा लाख डॉलरच्या घरातला देकार दिला. ग्रांट म्हणजे 1990 ला, लढ्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, पदार्पण केलेला. एका लहान मुलाने त्याला पत्र लिहिलं, जाऊ नकोस म्हणून, आणि पाकिटात आपल्याकडचं 20 सेंटचं नाणं घातलं. ग्रांट गेला नाही. ही गोष्ट पश्चिमेत इतक्यांदा सांगितली जाते की ती दंतकथा वाटावी, पण खरी आहे. पुढच्याच वर्षी ब्राउनलोच्या मतमोजणीत त्याला सगळ्यांत जास्त मतं पडली आणि तरी पदक मिळालं नाही, कारण एका सामन्याची बंदी भोगलेला खेळाडू नियमाने अपात्र.

त्याच हंगामापासून क्लबाने 'फुटस्क्रे' हे नाव सोडलं आणि तो 'वेस्टर्न बुलडॉग्ज' झाला. नवे अध्यक्ष डेव्हिड स्मॉर्गन यांचं म्हणणं, की एका उपनगराचं नाव घेऊन अख्ख्या पश्चिमेचे सभासद मिळणार नाहीत. 1997 मध्ये व्हिटन ओव्हलवर लीगचा शेवटचा सामना झाला आणि संघ आधी प्रिन्सेस पार्कला, मग 2000 पासून डॉकलँड्सच्या छताखालच्या नव्या स्टेडियमला गेला. म्हणजे बघा: ज्या नावासाठी 1989 मध्ये डबे वाजवले ते नाव गेलं, ज्या मैदानावर सभा भरली ते मैदान सरावापुरतं उरलं. काही जुने समर्थक तेव्हापासून डॉकलँड्सला गेलेच नाहीत. त्यांना हट्टी म्हणणं सोपं आहे. पण मला असं वाटतं, की गॉर्डन आणि चॅटफील्डबाईंनी जे मिळवलं ते नाव किंवा जागा नव्हतं. पुढे नाव बदललं, जागा बदलली, ते क्लबाने स्वतः बदललं. 1989 मध्ये दुसऱ्यांनी बदलायचं ठरवलं होतं. हा फरक लहान नाही, जरी शनिवारी ओव्हलच्या कुंपणाला टेकून उभं राहायची सवय असलेल्या माणसाला त्याने फारसं समाधान मिळत नसलं तरी.

मैदानावर छळ चालूच होता. अंतिम सामन्याच्या आदल्या पायरीवर, उपांत्य फेरीत, संघ 1985 पासून 2010 पर्यंत सात वेळा पोचला आणि सातही वेळा हरला. त्यांतला 1997 चा सामना सगळ्यांत क्रूर. ॲडलेडविरुद्ध मध्यांतराला 31 गुणांची आघाडी होती. शेवटी शेवटी लिबराटोरेने गोलाकडे चेंडू मारला आणि गोल झाला म्हणून दोन्ही हात वर करून धावत सुटला. पंचाने एकच बोट दाखवलं. तो उत्तेजनार्थ गुण. सामना दोन गुणांनी गेला.

मग 2016. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज. कर्णधार बॉब मर्फी, क्लबाचा जीव की प्राण, तिसऱ्याच सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध तुटून बाहेर. संघ सातवा आला. सातव्या जागेवरून कुणी कधी विजेतेपद मिळवलेलं नव्हतं. त्यांनी पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला हरवलं, मग तीन वर्षं लागोपाठ जिंकलेल्या हॉथॉर्नला हरवलं, मग उपांत्य फेरीसाठी सिडनीला जायचं होतं. हजारो समर्थक गाड्या भरून ह्यूम हायवेने निघाले. तिथल्या दुसऱ्या संघाला सहा गुणांनी हरवलं, आणि 1961 नंतर प्रथमच अंतिम सामना. 1 ऑक्टोबरला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर 99,981 प्रेक्षक होते. समोर सिडनी, म्हणजे 1982 ला हलवलेलं ते जुनं साउथ मेलबर्न. शेवटच्या सत्रात डेल मॉरिसने सिडनीच्या बडी फ्रँकलिनला पाठीमागून धरून पाडलं, चेंडू टॉम बॉइडकडे गेला, त्याने लांबून मारला आणि तो टप्पे घेत घेत गोलात शिरला. मॉरिसच्या पाठीचे मणके त्या सामन्यात तडकलेले होते, हे नंतर बाहेर आलं. 89 विरुद्ध 67. बासष्ट वर्षांनी. बेव्हरिजने मंचावर मर्फीला बोलावलं आणि स्वतःच्या गळ्यातलं पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं. अध्यक्ष होते पीटर गॉर्डन. 2012 मध्ये ते दुसऱ्यांदा त्या खुर्चीत बसले होते.

उपाध्यक्षा सुझन अल्बर्टी यांनी तोवर आणखी एक आघाडी उघडली होती. बायकांनी फुटी खेळावी, नुसती बघू नये, यासाठी त्यांनी पैसा आणि वजन दोन्ही खर्च केलं. 2013 मध्ये बुलडॉग्ज आणि मेलबर्न यांच्या महिला संघांचा प्रदर्शनी सामना झाला, 2017 मध्ये महिलांची लीग सुरू झाली, आणि 2018 मध्ये बुलडॉग्जच्या मुली विजेत्या ठरल्या. हरवलं ब्रिस्बेन लायन्सला, म्हणजे फिट्झरॉयच्या वारसांना.

पश्चिम आता ओळखू येत नाही. फुटस्क्रेत कॉफीची दुकानं आली, घरांच्या किमती चढल्या. टार्नीट, पॉइंट कुक, वेरिबी या बाजूंना भारतातून आलेली हजारो कुटुंबं आहेत, त्यांत मराठीही, आणि हिवाळ्यात कामावर पोचल्या पोचल्या त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो, की तुमचा संघ कुठला. क्लबाला हे नवे शेजारी हवे आहेत. नाव बदलताना स्मॉर्गन जे म्हणत होते ते अशा वेळी आठवतं.

2021 मध्ये संघ पुन्हा अंतिम सामन्यात गेला. महासाथीमुळे सामना पर्थला हलवला होता आणि मेलबर्न टाळेबंदीत होतं, म्हणून पश्चिमेतल्या लोकांनी तो घरात कोंडून घेऊन पाहिला. तिसऱ्या सत्रात 19 गुणांची आघाडी होती. मग समोरच्या संघाने गोलांचा असा धडाका लावला, की सामना 74 गुणांनी गेला. जिंकणारा संघ मेलबर्न, सत्तावन्न वर्षं विजेतेपदाची वाट बघितलेला. पुढच्या वर्षीच्या सभासदत्वाची नोंदणी त्यानंतर लवकरच सुरू झाली.